खेळणारे ते, रडणारे आपण

१९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबाद येथें क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ओळीनें दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ २४० धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून चषक नेला. त्या रात्रीं देशांतील असंख्य घरांत पानें वाढलीं गेलीं, पण जेवणांत कोणाचें चित्त नव्हतें. एरवीं परीक्षेंतील अपयशही हंसून सोसणारे तरुण अंथरुणांत तोंड लपवून पडले. लहान मुलें तर उघड उघड रडलीं. आणि अशा कित्येक घरांत कोणा ना कोणा वडीलधाऱ्या माणसानें तो जुना प्रश्न विचारलाच असेल : "अरे, पण यांत आपलें काय गेलें?"

प्रश्न वाजवी आहे. धंदेवाईक खेळाडूस सामना हरल्यावरही त्याचा मोबदला मिळतो. मालकाचा जमाखर्च चालूच राहतो. ज्याच्या खिशांतून तिकिटाचे पैसे जातात, ज्याची झोप जाते, दुसऱ्या दिवशींच्या कामांतील ज्याचा उत्साह जातो, त्याला मात्र जिंकल्यानें हातीं कांहीं लागत नाहीं आणि हरल्यानें त्याचें हिशेबांत धरण्यासारखें कांहीं जात नाहीं. व्यवहाराच्या तराजूंत हें दुःख घातलें तर त्याचें वजन शून्य भरेल. तथापि ज्या दुःखानें लक्षावधि माणसें एकाच रात्रीं व्याकूळ होतात, तें केवळ खूळ आहे असें म्हणून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्याच्या मुळाशीं काय आहे याचा शांतपणें विचार व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख.

सामान्यतः या प्रश्नाचीं तीन उत्तरें दिलीं जातात. पहिलें असें कीं, खेळ ही करमणूक आहे. पण करमणुकीसाठीं बसलेला मनुष्य कंटाळा आला म्हणजे उठून जातो; येथें तर वर्षानुवर्षें हरणाऱ्या संघाचे चाहते दर हंगामास पुन्हां त्याच आशेनें येऊन बसतात. दुसरें उत्तर असें कीं, हा कौशल्याचा आदर आहे. तसें असतें तर त्या दिवशीं ट्रॅव्हिस हेड यानें काढलेल्या १३७ धावांवर अहमदाबादच्या प्रेक्षकांनीं टाळ्यांचा वर्षाव केला असता. प्रत्यक्षांत त्याची खेळी जसजशी रंगत गेली तसतसें मैदान मुकें होत गेलें. तिसरें उत्तर अलीकडे अधिक ऐकूं येतें : हें सारें जाहिरातींनीं आणि दूरचित्रवाणीनें चढविलेलें वेड आहे. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु वाऱ्यानें निखारा फुलतो. निखाराच नसेल तेथें कितीही वारा घातला तरी राख तेवढी उडते. मग हा निखारा कशाचा?

तें समजण्यासाठीं अशी एखादी घटना पाहिली पाहिजे कीं, जींत पैशानें विकत घेतां येण्यासारखें सर्व कांहीं चाहत्यांपासून काढून घेतलें गेलें आणि मागें काय उरतें तें स्वच्छ दिसून आलें. अशी एक घटना इंग्लंडांत घडून गेली आहे.

विंबल्डन हें नांव आमच्या वाचकांस टेनिसमुळें परिचित आहे. पण लंडनच्या नैर्ऋत्येकडील याच उपनगरांत १८८९ सालीं एक फुटबॉल क्लब निघाला होता. जवळजवळ नव्वद वर्षें तो खालच्या दर्जाच्या सामन्यांतच खेळत राहिला. १९७७ सालीं त्याला 'फुटबॉल लीग' या धंदेवाईक संघांच्या स्पर्धेंत प्रवेश मिळाला. १९८६ सालीं तो सर्वांत वरच्या वर्गांत पोंचला. आणि १४ मे १९८८ रोजीं वेंब्ली येथें एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूल संघास एका गोलानें हरविलें. गोल केला लॉरी सांचेझ यानें. आणि लिव्हरपूलला मिळालेली पेनल्टी डेव्ह बेझंट या गोलरक्षकानें अडविली. एका उपनगराच्या क्लबानें अवघ्या अकरा वर्षांत एवढी मजल मारावी, याचें साऱ्या इंग्लंडास नवल वाटलें.

पुढें दिवस फिरले. १९९१ सालीं क्लबानें 'प्लाउ लेन' हें आपलें जुनें मैदान सोडलें आणि क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर तो बिऱ्हाडकरू म्हणून राहूं लागला. २००० सालीं तो वरच्या वर्गांतून खालीं आला. तेव्हां मालकांनीं असा बेत केला कीं, विंबल्डनपासून सुमारें ९० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्यानें वसविलेल्या शहरीं क्लब हलवावा. तेथें नवें मैदान मिळेल आणि धंदा चालेल. चाहत्यांनीं कडाडून विरोध केला. परंतु २८ मे २००२ रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें नेमलेल्या तिघांच्या मंडळानें स्थलांतरास परवानगी दिली. चाहत्यांनीं तळापासून नवा क्लब काढणें हें फुटबॉलच्या व्यापक हिताचें नाहीं, असाही अभिप्राय त्या मंडळानें आपल्या निकालपत्रांत नमूद करून ठेवला.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर चाहत्यांपुढें दोन मार्ग होते. एक, क्लबामागून मिल्टन कीन्सला जाणें. दुसरा, लंडनांतील दुसरा एखादा संघ पसंत करणें. वाणी परगांवीं गेला तर आपण दुसरें दुकान पाहतों, तसेंच हें. त्यांनीं या दोहोंपैकीं एकही मार्ग पत्करला नाहीं. निकालानंतर एका महिन्यानें, २९ जून २००२ रोजीं, विंबल्डनच्या सार्वजनिक माळावर त्यांनीं खेळाडूंची निवड ठेवली. कोणीही यावें आणि खेळून दाखवावें. सुमारें २३० जण आले. त्यांतून 'ए. एफ. सी. विंबल्डन' नांवाचा संघ उभा राहिला. १० जुलै रोजीं सटन युनायटेडशीं त्याचा पहिला मैत्रीचा सामना झाला आणि त्यांत तो ४-० असा सपशेल हरला. तो पराभव पाहण्यास साडेचार हजारांहून अधिक लोक लोटले होते.

यानंतरची हकीकत चिकाटीची आहे. इंग्लंडच्या फुटबॉलच्या उतरंडींत अगदीं तळाजवळच्या एका स्थानिक स्पर्धेपासून या संघानें आरंभ केला. फेब्रुवारी २००३ पासून डिसेंबर २००४ पर्यंत लीगच्या ओळीनें ७८ सामन्यांत त्याला कोणी हरवूं शकलें नाहीं. नऊ हंगामांत पांच पायऱ्या चढून २०११ सालीं तो पुन्हां फुटबॉल लीगमध्यें दाखल झाला. जुना क्लब मिल्टन कीन्स येथें जाऊन २००४ सालीं नवें नांव घेऊन बसला होता. २००७ सालीं त्यानें विंबल्डनच्या जुन्या विजयांचीं स्मृतिचिन्हें मर्टन या विंबल्डनच्या स्थानिक पालिकेच्या स्वाधीन केलीं. भाऊबंदकींत दुसऱ्याच्या घरीं गेलेले देवांचे टाक मूळ घरीं परत यावेत, तसा तो प्रसंग होता. पुढें चाहत्यांनीं रोख्यांच्या रूपानें ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि जुन्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर स्वतःचें नवें मैदान बांधून घेतलें. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं तेथें पहिला सामना झाला. तेव्हां कोरोनाच्या सांथीमुळें प्रेक्षकांस मज्जाव होता. एकोणतीस वर्षें ज्यांनीं वाट पाहिली त्यांनीं तो गृहप्रवेश घरीं बसूनच पाहिला. त्यानंतर २०२२ सालीं संघ एक पायरी खालीं घसरला आणि २०२५ च्या मे महिन्यांत पुन्हां ती चढून गेला.

आतां विचार करा. २००२ च्या त्या जून महिन्यांत या लोकांपाशीं काय उरलें होतें? खेळाडू नव्हते, शिक्षक नव्हता, मैदान नव्हतें, स्पर्धेंतील जागा नव्हती. कायद्यानें पाहतां क्लबही त्यांचा नव्हता. उरलीं होतीं तीं फक्त एकमेकांशेजारीं उभीं राहणारीं माणसें. आणि तेवढ्यावरच संघ पुन्हां उभा राहिला! यावरून आम्हांस असें दिसतें कीं, चाहता ज्यावर जीव टाकतो ती वस्तु मैदानावर नसतेच. ती प्रेक्षकांच्या बांकांवर असते. मालक त्याला ग्राहक समजतो. तो मात्र स्वतःस घरचा माणूस समजतो. ग्राहक माल पारखून घेतो. घरच्या माणसास पारख करण्याची मुभाच नसते. जें आपलें आहे तें चांगलें असो कीं वाईट, आपलेंच.

या 'आपलेपणा'चा शोध मानसशास्त्रज्ञांनींही घेतला आहे. रॉबर्ट चाल्डीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत अमेरिकेंतील सात विद्यापीठांचे विद्यार्थी पाहिले होते. विद्यापीठाचा संघ जिंकला म्हणजे पुढच्या सोमवारीं विद्यापीठाचें नांव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणारांची संख्या वाढे. आणखी एक मौजेची गोष्ट त्यांना आढळली. सामन्याची हकीकत सांगतांना, संघ जिंकला असेल तर विद्यार्थी 'आपण जिंकलों' असें अधिक वेळां म्हणत. हरला असेल तर 'ते हरले' या वळणाकडे त्यांचा कल होई. विजयांत वांटा हवा, पराजयांत नको, हा मनुष्यस्वभाव त्या एका सर्वनामांत उघडा पडला.

हेन्री टायफेल यांचे प्रयोग याहून मागचे, १९७० च्या सुमाराचे. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे त्यांनीं दोन गट केले. तुम्हांला क्ले या चित्रकाराचीं चित्रें अधिक आवडलीं आणि तुम्हांला कांडिन्स्कीचीं, म्हणून हे गट, असें मुलांना सांगितलें; वस्तुतः वांटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेनें केलेली होती. आपल्या गटांत कोण आहे हेंही कोणास ठाऊक नव्हतें. तरीसुद्धां पैसे वांटावयास दिले तेव्हां मुलांनीं आपल्या गटाला झुकतें माप दिलें. 'आपण' आणि 'ते' ही रेघ मनुष्याचें मन इतक्या सहज ओढतें! मग जेथें गांवाचें नांव, पूर्वजांची आठवण आणि हजारों कंठांचा एक घोष यांचें पाठबळ असेल तेथें ती रेघ किती खोल जाईल, हें सांगावयास नको.

येथें आपल्या मराठी भाषेचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. इंग्रजींत ज्या ठिकाणीं एकच शब्द आहे तेथें आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. 'आम्ही'मध्यें ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. या लेखांत आम्ही 'आम्ही' म्हणतों तें याच भेदानें. पण संघ जिंकल्यावर रस्त्यांत भेटलेल्या अनोळखी माणसाला कोणीही "आम्ही जिंकलों" म्हणत नाहीं, "आपण जिंकलों!" असेंच म्हणतो. ज्याची जात, गांव, पगार यांपैकीं कांहींच ठाऊक नाहीं अशा मनुष्याला एका शब्दांत घरांत घेण्याची ही सोय दुसऱ्या फारच थोड्या प्रसंगीं मिळते. चाहत्याला खेळांतून काय मिळतें, या प्रश्नाचें आमचें उत्तर हेंच आहे : त्याला हा 'आपण' मिळतो. आणि संघ हरतो त्या रात्रीं दुःख होतें तेंही त्या 'आपण'ला धक्का लागल्याचें.

धंदेवाईक खेळ प्रथम कोठें फोंफावला हें पाहिलें म्हणजे या म्हणण्यास दुजोरा मिळतो. इंग्लंडांत फुटबॉलपटूंस पैसे घेऊन खेळण्याची मोकळीक १८८५ सालीं मिळाली आणि १८८८ सालीं बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. ते बाराही क्लब उत्तर व मध्य इंग्लंडांतील होते. बोल्टन, बर्नली, ब्लॅकबर्न, प्रेस्टन अशीं कापडगिरण्यांचीं गांवें त्यांत होतीं. खेडीं सोडून गिरणीच्या गांवीं आलेल्या माणसाचें जुनें गणगोत मागें राहिलें होतें. शनिवारीं दुपारीं भोंगा झाला कीं सुटी मिळे. त्या अर्ध्या दिवसांत मैदानावर त्याला नवें गोत भेटलें. कोणताही क्लब घ्या, त्याच्या मुळाशीं बहुधा प्रार्थनामंदिर, शाळा किंवा कारखाना सांपडतो. मँचेस्टर युनायटेड हा क्लब मूळचा रेल्वेच्या कामगारांचा, तर आर्सेनल दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांचा.

कोणी म्हणेल, आतां ते दिवस गेले. आजचे खेळाडू देशोदेशींचे, लिलावांत घेतलेले, पुढच्या वर्षीं प्रतिपक्षाकडून खेळणारे. खरें आहे. पण गोदावरीचें कालचें पाणी आज नसतें, म्हणून नाशिकचा मनुष्य तिला परकी म्हणत नाहीं. खेळाडू येतात नि जातात. नांव, रंग आणि कांठावरचीं माणसें राहतात. शिवाय घरोघरीं हा वारसा पिढीजात चालतो. "त्यांत आपलें काय गेलें?" असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांसच विचारून पाहा कीं, २५ जून १९८३ च्या रात्रीं लॉर्ड्सवर भारतानें वेस्ट इंडीजला ४३ धावांनीं हरविलें तेव्हां आपण कोठें होतां? कोणाच्या घरच्या रेडिओभोंवतीं बसलां होतां, शेजारीं कोण होतें, हें त्यांतील पुष्कळांस लग्नमुंजीच्या प्रसंगासारखें आठवत असेल. त्या रात्रीं त्यांचेंही कांहीं मिळालें नव्हतें!

एवढी बाजू मांडल्यावर दुसरीकडे डोळेझांक करणें अप्रामाणिकपणाचें होईल. जेथें 'आपण' घट्ट होतो तेथें त्याची विकृतिही लवकर होते. १९९४ च्या विश्वचषकांत कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार याच्याकडून अमेरिकेविरुद्धच्या सामन्यांत चेंडू चुकून आपल्याच गोलांत गेला. दहा दिवसांनीं, २ जुलै रोजीं, मेडेयीन या त्याच्या स्वतःच्या शहरांत गोळ्या घालून त्याचा खून करण्यांत आला. ४ जून २०२५ रोजीं बंगळूर येथें तर दुःख नव्हे, आनंदच जिवावर बेतला. स्थानिक संघानें अठराव्या हंगामांत पहिल्यानें आय. पी. एल. स्पर्धा जिंकली म्हणून सत्कारास लोटलेल्या गर्दींत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण प्राणांस मुकले. गर्दीचा बंदोबस्त हें चाहत्याचें काम नव्हे, हें खरें; पण आपल्या पायाखालीं कोण आहे हें पाहण्याइतकें भान 'आपण' म्हणविणारास असलेंच पाहिजे.

आणि ही गोष्ट मैदानापुरती राहत नाहीं. ती उंबरठ्याच्या आंत येते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांचा अमेरिकेंतील पोलिसांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. जिंकेल अशी खात्री असलेला घरचा फुटबॉल संघ अनपेक्षितपणें हरला म्हणजे घरांत पुरुषांनीं बायकांस केलेल्या मारहाणीच्या नोंदी सुमारें १० टक्क्यांनीं वाढतात, असें त्यांस आढळून आलें. आमच्या वाचकभगिनींनीं हा आंकडा विसरूं नये आणि घरांतील पुरुषांसही विसरूं देऊं नये. परक्या खेळाडूच्या चुकीचा राग जो आपल्या माणसांवर काढतो त्याला 'आपण' या शब्दाचा अर्थच कळलेला नसतो.

या 'आपण'मध्यें कोणास घ्यावयाचें, हा प्रश्नही आपल्या इतिहासांत येऊन गेला आहे. मुंबईच्या जुन्या तिरंगी-चौरंगी सामन्यांत संघ धर्मावर पाडलेले होते. हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ असलेले पळवणकर बाळू हे चर्मकार जातींतले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या गोलंदाजीवर जिंकलेल्या सामन्यांत 'आपण जिंकलों' म्हणून आपल्या समाजानें टाळ्या पिटल्या; मात्र संघाचें नायकत्व त्यांस अखेरपर्यंत दिलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदू संघ जिंकला. विजयाच्या वेळीं ज्याला आपला म्हणावयाचें त्याला पंक्तींत, मानांत आणि अधिकारांतही आपला म्हटलें पाहिजे, हा धडा मैदानानें आपणांस दिला. तो पुरता गिरविला गेला असें अजूनही म्हणवत नाहीं. धर्मावर पाडलेले ते सामने १९४६ नंतर बंद पडले, हें योग्यच झालें.

तेव्हां घरांतील मुलगा किंवा मुलगी संघाच्या पराभवानें खिन्न होऊन बसली तर वडीलधाऱ्यांनीं तिची थट्टा करूं नये, अशी आमची सूचना आहे. ज्याला आपल्याशिवाय दुसऱ्या कशासाठींही रडतां येत नाहीं त्याच्यापेक्षां जो अकरा परक्यांसाठीं रडतो त्याचें मन खासच मोठें आहे. मात्र त्या मनाला वळण लावणें हें घराचें काम आहे. संसारांत हार ही कधीं ना कधीं सर्वांच्याच वांट्यास येते, आणि ती येते तेव्हां तिच्याबरोबर खरेंच कांहीं तरी जातें : पैसा, पद, कधीं जिवलग. खेळांत कांहीं न गमावतां हरण्याचा अभ्यास करतां येतो. जिंकल्यावर 'आपण' म्हणणारानें हरल्यावरही 'आपण हरलों' म्हणावें, 'ते हरले' म्हणूं नये. प्रतिपक्षाचा डाव चांगला असेल तर तो चांगला म्हणावा. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून आपापल्या कामास लागावें. एवढें ज्या घरांतील मुलांना साधलें त्या घरांत सामन्यापायीं एका रात्रीचें जेवण गोड लागलें नाहीं, तरी तें व्यर्थ गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं.